बिलियर्डचं टेबल आणि प्रांताचा हक्क: ऑलिव्हर मोवॅट यांची गोष्ट

१८८१ साल. कॅनडातल्या टोरोंटो शहरात आर्चिबाल्ड हॉज नावाचा माणूस सेंट जेम्स हॉटेल चालवत होता. त्याच्याकडे दारू विकण्याचा परवाना होता आणि बिलियर्डच्या टेबलाचाही होता. शहराच्या परवाना मंडळाने नियम काढला की ज्या वेळात दारूविक्री बंद, त्या वेळात बिलियर्डही बंद. कारण उघड होतं. टेबलाभोवती गिऱ्हाईक जमलं की बंद दाराआड पेला भरला जाणारच. हॉजने खेळ चालू ठेवला, पकडला गेला आणि त्याला वीस डॉलर दंड झाला. दंड भरला नाही तर पंधरा दिवस सक्तमजुरी.

वीस डॉलरचं हे प्रकरण दोन वर्षांनी समुद्र ओलांडून लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींतली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायपीठापुढे, उभं राहिलं. तिथे जो निकाल लागला, त्याने कॅनडातल्या प्रांतांची पत कायमची बदलली. हॉजविरुद्ध ऑन्टारियो प्रांताची बाजू लढवणाऱ्या सरकारचे प्रमुख होते ऑलिव्हर मोवॅट. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, भाषणात आग नसलेले वकील. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण केंद्र आणि राज्य यांच्यातली ओढाताण रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांची गोष्ट समजून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. ही ओढाताण कशी लढायची असते, हे त्यांच्याइतकं चिकाटीने क्वचितच कुणी दाखवलं असेल.

मोवॅट यांचे वडील जॉन मोवॅट स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाच्या केथनेस परगण्यातले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात शिपाई म्हणून लढले, १८१४ मध्ये पलटणीबरोबर कॅनडात आले आणि किंग्स्टन गावात दुकान टाकून स्थायिक झाले. आई हेलन लेव्हॅकही केथनेसचीच. ऑलिव्हर हा त्यांचा थोरला मुलगा, जन्म २२ जुलै १८२०. घर कडक प्रेस्बिटेरियन. हा स्कॉटिश लोकांचा प्रॉटेस्टंट पंथ. रविवारची प्रार्थना, शिक्षणाचा ध्यास आणि खर्चात हात आखडता, अशी त्या घरांची रीत असे. हे वातावरण आयुष्यभर मोवॅट यांच्या अंगात राहिलं.

त्या काळच्या कॅनडाच्या राजकारणात स्कॉटिश माणसांचीच गर्दी होती. देशाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनल्ड जन्माने ग्लासगोचे. दुसरे पंतप्रधान अलेक्झांडर मॅकेंझी स्कॉटलंडहून आलेले पाथरवट. उदारमतवाद्यांचे पुढारी आणि वृत्तपत्रकार जॉर्ज ब्राउन तेही स्कॉटिश. त्यामुळे पुढे जो झगडा सांगणार आहे, तो दोन वंशांचा किंवा दोन धर्मांचा नव्हता. एकाच गावात वाढलेल्या दोन माणसांचा तो होता, आणि हे अगदी शब्दशः खरं आहे. १८३६ मध्ये पंधरा-सोळा वर्षांचा ऑलिव्हर वकिली शिकायला उमेदवार म्हणून ज्या कचेरीत लागला, ती किंग्स्टनमधली कचेरी जॉन ए. मॅकडोनल्ड यांची होती. गुरू शिष्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठा!

पुढे वाटा फुटल्या. मोवॅट १८४० मध्ये टोरोंटोला गेले, सनद मिळवली, मालमत्ता आणि विश्वस्त निधीचे किचकट दावे चालवण्यात नाव कमावलं. १८५७ पासून राजकारणात आले ते मॅकडोनल्ड यांच्या विरोधी पक्षातून. जुन्या गुरूला हे झोंबलं असणार. १८६१ मध्ये एकदा भर सभागृहात मॅकडोनल्ड मोवॅट यांच्या अंगावर धावून गेले आणि थोबाडीत देण्याची भाषा त्यांनी केली.

आता घटनेचा भाग. तो समजल्याशिवाय पुढची लढाई कळणार नाही.

१८६४ च्या ऑक्टोबरमध्ये क्यूबेक शहरात ब्रिटिश वसाहतींचे प्रतिनिधी एक संघराज्य बनवण्यासाठी जमले. मॅकडोनल्ड तिथे होते आणि मोवॅटही होते. मॅकडोनल्ड यांना मनातून संघराज्य नकोच होतं. एकच संसद आणि एकच सरकार त्यांना हवं होतं. शेजारच्या अमेरिकेत राज्यांच्या हक्कांवरून यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि ते पाहून त्यांचं मत आणखी घट्ट झालं होतं. पण फ्रेंच भाषिक क्यूबेकला स्वतःची विधानसभा हवी होती, म्हणून प्रांत ठेवणं भाग पडलं. मग त्यांनी प्रांत ठेवले, पण त्यांच्या मानेवर केंद्राचा हात राहील अशी तजवीज केली.

१ जुलै १८६७ ला लागू झालेल्या कायद्यात ही तजवीज तीन ठिकाणी दिसते. पहिली म्हणजे, कलम ९१ मध्ये केंद्राचे विषय, कलम ९२ मध्ये प्रांतांचे विषय, आणि जे कुठेच लिहिलेलं नाही ते केंद्राचं. आपल्या घटनाकारांनीही शिल्लक अधिकार केंद्राकडेच ठेवले, कॅनडाच्या धर्तीवर. दुसरी, प्रांताचा राज्यपाल, ज्याला तिथे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणतात, तो केंद्राने नेमायचा, आणि विधानसभेचं विधेयक त्याला केंद्राच्या विचारासाठी राखून ठेवता येणार. हेही आपल्याला ओळखीचं आहे. तिसरी तरतूद मात्र आपल्याकडे नाही. विधानसभेने कायदा केला, राज्यपालाने सही केली, अंमल सुरू झाला, तरी एक वर्षाच्या आत केंद्र सरकार तो कायदा सरळ रद्द करू शकत होतं. त्यासाठी ना कोर्ट लागायचं, ना संसदेतली चर्चा.

कागद पाहिला तर प्रांत म्हणजे मोठी नगरपालिका. मॅकडोनल्ड यांना अभिप्रेत होतं तेच.

क्यूबेकची परिषद संपल्यावर थोड्याच दिवसांत मोवॅट न्यायाधीश झाले आणि आठ वर्षं त्या आसनावर राहिले. १८७२ मध्ये एक अडचण उभी राहिली. एकाच माणसाने केंद्राच्या संसदेत आणि प्रांताच्या विधानसभेत दोन्हीकडे बसायचं नाही असा नियम झाला, आणि ऑन्टारियोचे मुख्यमंत्री एडवर्ड ब्लेक यांनी केंद्र निवडलं. पक्षाने न्यायासनावर बसलेल्या मोवॅट यांना बोलावलं. न्यायाधीशाने झगा उतरवून थेट मुख्यमंत्री व्हावं यावर टीका झाली, आणि ती गैर नव्हती. पण ते आले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि पुढची जवळजवळ चोवीस वर्षं, २५ ऑक्टोबर १८७२ पासून जुलै १८९६ पर्यंत, हलले नाहीत. लागोपाठ सहा निवडणुका जिंकल्या. ऑन्टारियोत इतका काळ मुख्यमंत्री आजवर दुसरं कुणी राहिलेलं नाही. या सगळ्या वर्षांत प्रांताचं महाधिवक्तापदही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. ही गोष्ट महत्त्वाची, कारण त्यांची सगळी लढाई कोर्टात व्हायची होती.

त्यांची पद्धत समजायला ओंडक्यांची भानगड सगळ्यात सोपी. पूर्व ऑन्टारियोत मिसिसिपी नावाची एक नदी आहे. अमेरिकेतली प्रसिद्ध नदी निराळी, ही लहान, ओटावा नदीला मिळणारी. जंगलात तोडलेले ओंडके पाण्यात सोडायचे आणि प्रवाहाबरोबर गिरणीपर्यंत न्यायचे, हा तिथला धंदा. पीटर मॅकलॅरन या लाकूड व्यापाऱ्याने नदीत बांध घातले, ओंडके घसरत जावेत म्हणून लाकडी पन्हळी बांधल्या, आणि वरच्या अंगाला तोड करणाऱ्या बॉइड कॉल्डवेलला सांगितलं, माझ्या बांधकामावरून तुझे ओंडके जाणार नाहीत. कॉल्डवेलचं लाकूड वरच अडकलं. मोवॅट सरकारने १८८१ मध्ये कायदा केला: नदी सगळ्यांची, ज्याने सुधारणा केली त्याला वाजवी वहिवाट-शुल्क द्या आणि ओंडके न्या.

मॅकलॅरन मॅकडोनल्ड यांच्या पक्षाचा, कॉल्डवेल मोवॅट यांच्या. केंद्राने कायदा रद्द केला. मोवॅट यांनी पुढच्या वर्षी तोच कायदा पुन्हा मंजूर करून घेतला. केंद्राने पुन्हा रद्द केला. तिसऱ्यांदा मंजूर, तिसऱ्यांदा रद्द. १८८४ मध्ये चौथ्यांदा मंजूर. तोवर मूळ दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला होता आणि तिथे कॉल्डवेल जिंकला. मग मात्र केंद्राने चौथ्या कायद्याला हात लावला नाही.

यात मोर्चे नाहीत, शपथा नाहीत, गर्जना नाहीत. विधानसभेने मंजूर केलेला कायदा तुम्ही रद्द केलात ना, मग आम्ही पुन्हा मंजूर करतो, एवढंच. दर खेपेस रद्द करण्याचं कारण द्यायची पाळी केंद्रावर येत होती आणि दर खेपेस ते कारण लोकांना आणखी लंगडं वाटत होतं. घटनेतला एक अधिकार वापरून वापरूनच बोथट होताना इथे दिसतो. कॅनडातला असा शेवटचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. कलम अजून पुस्तकात आहे, पण त्याची धार तेव्हाच गेली.

आता पुन्हा हॉजकडे येऊ. त्याचा युक्तिवाद खरोखर हुशारीचा होता. त्याचे वकील म्हणत होते, ऑन्टारियोची विधानसभा ही लंडनच्या पार्लमेंटची मुखत्यार. मुखत्यारपत्र ज्याच्या नावे आहे, त्याला ते परस्पर तिसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग विधानसभेने नियम करायचा अधिकार परवाना मंडळाला कसा दिला? आणि मुळात दारूचा धंदा हा व्यापार, व्यापार हा केंद्राचा विषय, तेव्हा प्रांताने यात पडूच नये.

आपल्याकडेही बड्या दाव्यांचा शेवटचा मुक्काम प्रिव्ही कौन्सिल असे. लोकमान्य टिळकांना ताईमहाराज प्रकरणात अखेरचा न्याय १९१५ मध्ये तिथेच मिळाला. हॉजच्या दाव्याचा निकाल सांगणारे सर बार्न्स पीकॉक यांचा तर हिंदुस्थानशी थेट संबंध. ते कलकत्ता हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश, आणि त्याआधी १८६० च्या भारतीय दंडसंहितेचा मसुदा पक्का करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८८३ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या पीठाने दोन गोष्टी सांगितल्या.

एक, प्रांताची विधानसभा कुणाची मुखत्यार नाही. तिला दिलेल्या विषयांपुरता तिचा अधिकार खुद्द लंडनच्या पार्लमेंटइतकाच पूर्ण आहे. पाच वर्षांपूर्वी आसामकडच्या डोंगराळ मुलखातल्या एका प्रकरणात हिंदुस्थानच्या कायदेमंडळाबद्दलही प्रिव्ही कौन्सिल असंच बोललं होतं.

दोन, एकच गोष्ट एका अंगाने पाहिली तर केंद्राची आणि दुसऱ्या अंगाने पाहिली तर प्रांताची असू शकते. देशभर दारूचा व्यापार कसा चालावा हा एक प्रश्न. टोरोंटोतल्या एका हॉटेलात शनिवारी रात्री शांतता कशी राहावी हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रांताने द्यावं.

या दुसऱ्या विचाराचे धागेदोरे पुढे थेट मुंबईपर्यंत आले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला बलसारा खटल्यात आव्हान मिळालं, तेव्हा विरोधकांचं म्हणणं होतं की परदेशी मद्याची आयात केंद्राचा विषय आहे, राज्याने त्यावर बंदी घालून केंद्राच्या हद्दीत पाऊल टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कॅनडाच्या दाव्यांतून घडलेली कसोटी लावली. कायद्याचा गाभा पाहा. तो राज्याच्या विषयात असेल, तर केंद्राच्या विषयाला ओझरता स्पर्श झाला म्हणून कायदा पडत नाही. काही कलमं पडली, पण कायदा टिकला. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी जो परवाना लागतो तो अजूनही याच कायद्याखाली. औद्योगिक अल्कोहोल राज्याचं की केंद्राचं, या प्रश्नावर तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांना २०२४ मध्ये बसावं लागलं, आणि बहुमताने उत्तर आलं, राज्याचं.

मोवॅट यांच्या बाजूने केवळ तत्त्वच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. १८७६ मध्ये त्यांच्या सरकारने दारूचे परवाने देण्याचं काम गावोगावच्या नगरपालिकांकडून काढून प्रांताने नेमलेल्या मंडळांकडे दिलं. म्हणजे गावागावातला हॉटेलवाला सरकारपक्षाकडे आशेने पाहू लागला. मॅकडोनल्ड यांनी १८८२ च्या एका भाषणात त्यांना ‘छोटा जुलमी’ म्हटलं ते याच रागातून, आणि दुसऱ्या वर्षी केंद्राचा स्वतंत्र परवाना कायदाही आणला. तो १८८५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने घटनाबाह्य ठरवला. परवाने, नोकऱ्या, जंगलाचे ठेके कुणाच्या हातात राहणार, हा हिशेब दोन्ही बाजूंच्या मनात होता. तत्त्व आणि स्वार्थ एकाच दिशेने धावत असले की माणूस जोरात धावतो.

हद्दीच्या वादात तर हे फार ठळक दिसलं. ऑन्टारियोची पश्चिम सीमा कुठवर? १८७८ मध्ये लवादाने मोठा प्रदेश ऑन्टारियोला दिला. मॅकडोनल्ड पुन्हा सत्तेवर आले, त्यांनी लवाद मानला नाही आणि १८८१ मध्ये तो मुलूख शेजारच्या मॅनिटोबाला जोडला. मॅनिटोबाचे मुख्यमंत्री जॉन नॉर्के हे स्कॉटिश ऑर्कनी बेटांवरच्या पूर्वजांचे आणि मूळ रहिवाशांच्या रक्ताचेही वारस. रॅट पोर्टेज नावाच्या एवढ्याशा गावात (आजचं केनोरा) मॅनिटोबाचे पोलीस वेगळे, ऑन्टारियोचे वेगळे, आणि ते एकमेकांच्या शिपायांनाच अटक करू लागले. अखेर मोवॅट स्वतः लंडनला गेले आणि प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहिले. १८८४ मध्ये निकाल ऑन्टारियोच्या बाजूने लागला. ते परतले तेव्हा टोरोंटोत त्यांची मोठी मिरवणूक निघाली.

पण त्या मुलखात जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती त्यांचं काय? १८७३ मध्ये तिथल्या अनिशिनाबे लोकांनी केंद्र सरकारशी करार केला होता, ज्याला तिसरा करार म्हणतात. केंद्राचं म्हणणं पडलं की या लोकांची जमीन करारातून आम्हाला मिळाली, तेव्हा तिथल्या लाकडाचे परवाने आम्ही देणार. ऑन्टारियोचं म्हणणं, जमीन आधीपासून राजमुकुटाची आणि म्हणून प्रांताची. १८८८ मध्ये सेंट कॅथरिन्स गिरणीच्या दाव्यात मोवॅट यांचं सरकार जिंकलं. मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क म्हणजे राजमुकुटाच्या मर्जीवर चालणारी वहिवाट, एवढाच उरला. ज्यांच्या जमिनीवरून हा दावा चालला, ते त्यात पक्षकार नव्हते. त्यांची साक्ष नाही, वकील नाही. प्रांताच्या हक्कासाठी इतक्या बारकाईने झगडणाऱ्या माणसाला हा हक्क दिसला नाही. मोवॅट यांच्याबद्दल मला आदर आहे, तरी त्यांचा हा विजय वाचताना मन अस्वस्थ होतं. त्या निकालाचं ओझं उतरवायला कॅनडाच्या न्यायालयांना पुढचं जवळपास शतक लागलं.

बाकी कारभार थोडक्यात सांगतो. गुप्त मतदान १८७४ मध्ये, सर्व प्रौढ पुरुषांना मतदानाचा हक्क १८८८ मध्ये. १८९२ मध्ये स्त्रियांना वकिलीच्या व्यवसायात शिरण्याची वाट उघडणारा कायदा झाला, आणि त्यातून पुढे क्लारा ब्रेट मार्टिन वकील झाल्या. स्त्रियांना मतदानाचा हक्क मात्र त्यांनी दिला नाही.

१८८७ मध्ये क्यूबेकचे मुख्यमंत्री ऑनोरे मर्सिए यांनी प्रांतांची परिषद बोलावली. सातपैकी पाच प्रांत आले, अध्यक्षस्थानी मोवॅट होते. मॅकडोनल्ड यांनी येण्यास नकार दिला. केंद्राच्या रद्द करण्याच्या अधिकाराविरुद्ध ठराव झाले, पण घटना तसूभरही बदलली नाही. बदल झाला तो पुन्हा कोर्टातूनच. १८९२ मध्ये एका बुडालेल्या बँकेच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलचे लॉर्ड वॉटसन, तेही स्कॉटिश, यांनी निर्वाळा दिला की प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर केंद्राचा कारकून नाही. प्रांतापुरता तो राणीचाच प्रतिनिधी आहे, गव्हर्नर जनरल केंद्रात जसा असतो तसा. म्हणजे प्रांताचं सरकार केंद्राच्या हाताखालचं नव्हे. मॅकडोनल्ड हे ऐकायला नव्हते. ते आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, पंतप्रधानपदावर असताना वारले होते.

१८९६ मध्ये विल्फ्रिड लॉरिए पंतप्रधान झाले आणि जवळपास शहात्तर वर्षांच्या मोवॅट यांना त्यांनी राजधानी ओटावाला नेलं. खातं दिलं न्यायमंत्र्याचं. प्रांतांचे कायदे तपासून कोणता रद्द करावा याची शिफारस करायची ती याच खात्याने. ओंडक्यांचा कायदा तीनदा रद्द झाला तो याच टेबलावरून. मोवॅट तिथे दीड वर्षही राहिले नाहीत. १८९७ च्या नोव्हेंबरमध्ये ते टोरोंटोला परतले, ऑन्टारियोचे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून, आणि १९ एप्रिल १९०३ ला मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर होते. नेमणूक केंद्राचीच होती. पण तोवर त्या खुर्चीत बसणारा माणूस केंद्राचा नोकर राहिला नव्हता.